नमुना उशिरा मिळाला

इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत तिला सगळे शिक्केबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिची पाठ वळायचा अवकाश. तिला ते ठाऊक होतं आणि, खोटं कशाला सांगा, थोडंसं आवडतही होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत माणसाचं नाव मागे पडतं आणि कामाची खूण चिकटते. तिच्या आधीच्या गृहस्थांना तर सगळे नुसतं ‘खोकला’ म्हणायचे. त्या मानाने शिक्केबाई बरं.

तो शिक्का तिने स्वतः करून घेतला होता, आणि त्याला कारण होतं. रक्तातला अमोनिया मोजायचा तर ते रक्त फार हट्टी असतं. नळीत घेतलं तरी ते गप्प बसत नाही. त्यातल्या पेशी आणखी अमोनिया सोडतच राहतात. म्हणून नळी ताबडतोब बर्फात खोचायची आणि पंधरा मिनिटांच्या आत यंत्रापर्यंत पोचवायची. उशीर झाला की आकडा फुगतो आणि धडधाकट माणूसही कागदावर आजारी दिसतो. हे पुस्तकात आहे, भिंतीवर आहे, आणि वरच्या वॉर्डांत मात्र कुणाच्या डोक्यात नाही. वर पद्धत अशी की सकाळी घेतलेल्या सगळ्या नळ्या एका ट्रेमध्ये ठेवायच्या, ट्रे खिडकीच्या कठड्यावर ठेवायचा, आणि अकरा वाजता शिपाईमामा चहा पिऊन तो खाली आणणार. कठड्यावर ऊन छान यायचं.

तिने तीन पत्रं लिहिली. सूचना चिकटवल्या. मुख्य परिचारिकेशी तर असं भांडण झालं की दोघी वर्षभर एकमेकींच्या वाटेला गेल्या नाहीत. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिने शिक्का बनवला: ‘नमुना उशिरा मिळाला. आकड्यावर विसंबू नये.’ लाल शाई. चुकीचा आकडा माझ्या सहीने वर जाणार नाही, एवढा तिचा बाणा होता, आणि त्या दिवशी तिला आपण अगदी बरोबर केलं असंच वाटलं होतं.

अकरा वर्षं तो शिक्का चालला. वरच्या डॉक्टरांनाही सवय झाली. अमोनियाचा अहवाल आला, लाल दिसलं, की न वाचता फाइलमध्ये.

घरी ती अशी नव्हती. घरी ती चष्मा कुठे ठेवला ते विसरायची, आणि नवरा तो तिच्याच डोक्यावरून काढून द्यायचा. तोही याच इस्पितळातला. पंचवीस वर्षं धुलाईघर सांभाळून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, हात अजून साबणाने पांढुरके. मुलगी लग्न होऊन लांब. ती पोटात असताना शिक्केबाई सातव्या महिन्यापर्यंत नळ्या फिरवत उभी राहिली होती. मूल झाल्यावर ‘नोकरी करते ना, म्हणून पोर किरकोळ’ हे तिनेही सासूकडून भरपूर ऐकलं होतं. मूल जेवत नसलं की चूक आईची, हे सगळीकडे इतकं पक्कं ठरलेलं आहे की त्यासाठी कुठे तपासणी करावी लागत नाही, बर्फही लागत नाही.

त्या गुरुवारी खिडकीशी एक बाई आली. तिशीची, बोटांना सुयांनी टोचल्याच्या खुणा. गणवेश शिवायच्या कारखान्यात काम करणारी.

“माझ्या मुलीचे रक्ताचे अहवाल हवे होते. तीन झालेत.”

“अहवाल वॉर्डात जातात. इथून मिळत नाहीत.” शिक्केबाईने मानही वर केली नाही.

“वॉर्डात म्हणतात खालून घ्या.”

“आणि मी म्हणते वरून घ्या. झालं?”

बाई हलली नाही. “सोमवारी तिच्या नाकातून नळी घालणार आहेत. दूध, अंडी, सगळं घट्ट करून थेट पोटात. ती खात नाही म्हणून. त्याआधी मला फक्त बघायचं होतं, कशात काही निघालंय का.”

“निघालं असतं तर डॉक्टरांनी सांगितलं असतं.”

“ते सांगत नाहीत. ते मलाच विचारतात, घरी काय घालता?” बाईचा आवाज चढला. “सहा वर्षांची आहे. दूध प्यायली की उलटी. अंडं, डाळ, मांस, काही तोंडात धरत नाही. भात, बटाटा, फळं कितीही द्या. अंगावर पीत होती तोवर गुटगुटीत होती हो. आता वॉर्डात तिला काडी म्हणतात. आणि आहारतज्ज्ञ बाईंनी फाइलमध्ये लिहिलंय, ‘आई पुरेसा आहार देत नाही.’ पाच आठवडे मी तिच्या उशाशी आहे. माझ्यासमोर तिला अंडं कोंबतात, आणि लिहितात आई देत नाही!”

“मग खाल्ल्यावर काय होतं?” हे मात्र शिक्केबाईने मान वर करून विचारलं.

“बरळते. मग झोपते. हलवलं तरी उठत नाही. सिस्टर लिहितात, ‘जेवली, शांत झोपली.’”

आत नळ्या फिरवणारं सेंट्रिफ्यूज थांबल्याचा आवाज आला. शिक्केबाई तिथेच उभी राहिली.

“अमोनिया तपासला होता?”

“तेच तर. पहिल्या दोन वेळा नळी अकरापर्यंत खिडकीत पडून होती. तिसऱ्या वेळी मी भिंतीवरची सूचना वाचली, कॅन्टीनमधून भांडंभर बर्फ मागून आणला आणि नळी घेऊन जिन्याने पळत आले. तुम्हीच घेतलीत हातातून.”

“असं कुणी आणलं असतं तर माझ्या लक्षात राहिलं असतं.”

“मग नसेल आणलं,” बाई म्हणाली आणि निघून गेली. हे तिने ज्या स्वरात म्हटलं तो शिक्केबाईला झोंबला. बाई खोटारडी आहे हे स्वतःला पटवायलाच तिने नोंदवही उघडली.

नोंद होती. तिच्याच अक्षरात. चोवीस दिवसांपूर्वी, वॉर्डात रक्त घेतल्याची वेळ दहा अठरा, खाली पोचल्याची वेळ दहा एकोणतीस, बर्फ: होय. आकडा एकशे अठ्ठ्याण्णव. पन्नासच्या आत हवा. आणि शेजारी चिकटवलेल्या अहवालाच्या प्रतीवर, सरळ, स्वच्छ, लाल: नमुना उशिरा मिळाला. आकड्यावर विसंबू नये.

त्या दिवशी अमोनियाचे चार अहवाल होते. तिने चारही एका रांगेत ठेवले असणार आणि ठाप ठाप ठाप ठाप मारलं असणार. इतर तीन सत्तर-ऐंशीत होते. एवढा मोठा आकडा बघायला हात थांबलाच नाही. हात कशाला थांबेल? अकरा वर्षांत एकाही नळीने वेळेत यायचा गुन्हा केला नव्हता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी वॉर्डावर, मग शिपाईमामावर, मग त्या खिडकीच्या कठड्यावर. स्वतःपर्यंत यायला तिला तीन जिने चढावे लागले.

बालविभागाचे मोठे डॉक्टर खोलीत होते. आहारतज्ज्ञ बाई समोर बसून सोमवारच्या मिश्रणाचा तक्ता दाखवत होत्या. शिक्केबाईने अहवाल टेबलावर ठेवला.

“हा खरा आहे. वेळेत आलेला, बर्फातून. शिक्का चुकून पडला.”

डॉक्टरांनी कागद बोटाने स्वतःकडे ओढला. “बाई, तुमचीच लाल अक्षरं म्हणतात विसंबू नका. आता तुम्हीच म्हणता विसंबा. मी कुणाचं ऐकू, शिक्क्याचं की शिक्केबाईंचं?”

आहारतज्ज्ञ बाई हसल्या. मग समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “मुलीचं वजन बघा. हाडं बघा. प्रथिनांची कमतरता आंधळ्यालाही दिसेल. आणि आई बघावं तेव्हा बटाटा सोलत बसलेली.”

“प्रथिनं कमी आहेत हे कबूल,” शिक्केबाई म्हणाली, “पण ती पोटात न गेल्याने कमी आहेत की जाऊनही अंगी लागत नाहीत म्हणून, हे कुणी तपासलं? दर वेळी अंड्यानंतर ती दोन तास बेशुद्धासारखी पडते. तुमचे लोक लिहितात, शांत झोपली!”

“तुम्ही आता निदानही करायला लागलात?”

“नाही. मी नळ्या मोजते. ही मोजलेली आहे.”

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. हेच जास्त चीड आणणारं होतं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. हे सभ्यपणे घड्याळाकडे बघत म्हणाले, “सोमवारी सकाळी नऊला नळी. मुलगी रोज वजन गमावतेय, मला थांबता येणार नाही. त्याआधी काही आणायचं असेल तर आणा. पण बिनशिक्क्याचं आणा. आणि यंत्राची चूक, उशिराची चूक, असला वाद ज्यात निघणार नाही असं आणा.”

जाताना ती वॉर्डातून गेली. कोपऱ्यातल्या खाटेवर काडी बसली होती. पाय काटकुळे, पोट किंचित पुढे. ती बटाट्याच्या सालींचे तुकडे मांडून घर बनवत होती.

“तू सुई टोचणारी मावशी का?”

“नाही, मी खालची मावशी. तू अंडं का खात नाहीस गं?”

“त्याने डोक्यात धुकं होतं,” काडी म्हणाली. “मग आई दिसत नाही.”

सहा वर्षांच्या पोरीने आपला रोग एका वाक्यात सांगितला होता. पाच आठवडे ती प्रत्येकाला हेच सांगत होती, आणि प्रत्येकजण म्हणत होता, बघा, किती नखरे!

शिक्केबाईने त्या दिवशीच तिची लघवी मागून घेतली. नवं यंत्र आल्यापासून कपाटाच्या तळाशी जुन्या काचपट्ट्या पडून होत्या, पांढऱ्या पातळ थराच्या. पूर्वी त्यांच्यावर लघवीचा ठिपका ठेवून अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे तुकडे, वेगळी करत. ठिपका ठेवायचा, पट्टीचा तळ द्रावणात बुडवायचा. द्रावण वर चढतं आणि प्रत्येक आम्लाला आपापल्या उंचीवर सोडून जातं. मग रंग आणणाऱ्या रसायनाचा फवारा मारून भट्टीत तापवायचं, की जांभळे डाग उमटतात. तरुण तंत्रज्ञांना हे आजीबाईच्या बटव्यासारखं वाटे. शुक्रवारी दुपारी तिने पट्टी भट्टीतून काढली आणि खिडकीशी धरली. तळाशी, जिथे लायसिन, आर्जिनिन, ऑर्निथिन ही तिघं रेंगाळतात, तिथे एरवी पुसटशी सावली असते. काडीच्या पट्टीवर तिथे गडद जांभळा डाग होता, शाई सांडल्यासारखा. शरीराला जी हवीत नेमकी तीच लघवीतून वाहून चालली होती.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा घड्या घालत होता. निवृत्त झाला तरी घरचे कपडे दुसऱ्या कुणाच्या हातच्या घडीत त्याला चालत नसत.

“आज दात ओठ खातच आलीस. कोण गेलं?”

“अजून कोणी गेलं नाही. सोमवारी जाईल.” ती धप्पकन बसली. “अहो, तुमच्या धुलाईघराला दोन दारं होती ना?”

“होती म्हणजे? पुढच्या दाराने मळके आत, मागच्याने धुतलेले बाहेर, वॉर्डाकडे. एका दाराने दोन्ही केलं तर रोगराई.”

“तशीच आतड्याची पेशी असते. तिला बारीक आवरण असतं, भिंतीसारखं, आणि त्यात दारं. वाट्टेल ते आत-बाहेर जात नाही. प्रत्येक मालाचं दार ठरलेलं, दारात माणूस ठरलेला. तीन अमिनो आम्लं आहेत, आम्लारिधर्मी म्हणतात त्यांना, त्यांच्यावर धन विद्युतभार असतो. अंडं खाल्लं, पचलं, की ती पुढच्या दाराने पेशीत येतात आणि मागच्या दाराने रक्तात जातात. मागच्या दाराचा माणूस यांना बाहेर काढतो आणि बदल्यात दुसरं एक आत घेतो.”

“बरं. मग?”

“या पोरीचा मागच्या दाराचा माणूसच जन्मापासून बिघडलेला असावा. आतड्यातही, मूत्रपिंडातही. पेशीत माल तुंबलाय आणि रक्तात दुष्काळ.”

नवऱ्याचा हात घडीवर थांबला. “एकदा मागचं दार अडकलं होतं आमचं. कुलूप मोडलं. आत चादरींचा डोंगर आणि वॉर्डातून बोंबाबोंब, एक चादर नाही.”

“आणि तेव्हा जर कुणी म्हटलं असतं, की चादरी कमी पडतायत, तर मळके कपडे दुप्पट पाठवा?”

“कोण गाढव असं म्हणेल?”

“सोमवारी नऊ वाजता म्हणणार आहेत,” ती म्हणाली. “तक्ता तयार आहे. आणि हे नुसतं तुंबण्यावर थांबत नाही हो. प्रथिनं जळली की अमोनिया होतो, विषच ते. यकृत त्याचा युरिया करून टाकतं, पण त्या चाकाला हीच दोन आम्लं लागतात, आर्जिनिन आणि ऑर्निथिन. ती पोचतच नाहीत, म्हणून चाक अडतं. अंडं जितकं मोठं तितकं विष जास्त. पोर तोंड घट्ट मिटून स्वतःचा जीव वाचवत होती, आणि आम्ही सगळे मिळून ते उघडत होतो.”

“आम्ही?”

तिने शिक्क्याचं सांगितलं. नवऱ्याने ऐकलं. त्याने तिला ‘जाऊ दे, माणसाकडून होतं’ वगैरे म्हटलं नाही, त्याबद्दल ती नंतर कितीतरी दिवस त्याची ऋणी होती. तो एवढंच म्हणाला, “मग डॉक्टर म्हणतील, हाही आकडा उशिराचाच. तेव्हा काय करशील?”

“तेच डोकं खातंय.”

तो घडी घालत राहिला. “चादर मळकी की पाणीच गढूळ, असा वाद पडला की आम्ही एक कोरी चादर त्याच पाण्यातून काढायचो.”

शिक्केबाईने त्याच्याकडे बघितलं. मग ती उठली आणि चष्मा शोधायला लागली.

“डोक्यावर आहे,” तो म्हणाला.

शनिवारी सकाळी आठला आहारतज्ज्ञ बाईंच्या हुकुमाप्रमाणे काडीला उकडलेलं अंडं भरवायचं होतं. हुकूम शिक्केबाईचा नव्हता आणि तो मोडायचा अधिकारही तिला नव्हता. पण आई तिच्याकडे अशी बघत होती की जणू सगळ्या जगाच्या वतीने ही एकटीच समोर उभी आहे.

“अर्धंच,” शिक्केबाई सिस्टरला म्हणाली. “अर्ध्यावर मी सही करते. आणि एक मला द्या.”

“तुम्हाला?”

“मला. भूक लागलीय.”

काडीने अर्धं अंडं रडत, थुंकत, आईचा हात चावत खाल्लं. समोरच्या स्टुलावर बसून शिक्केबाईने पुरं अंडं खाल्लं. तिलाही ते घशाखाली उतरवायला पाणी लागलं.

दहा वाजता काडी बरळायला लागली होती. आईने हाक मारली तर ती भलतीकडेच बघून हसली. सिस्टर सवयीने तक्त्याकडे वळली.

“काय लिहिताय?” शिक्केबाईने विचारलं.

“झोपते आहे…”

“तिला तिच्या आईचं नाव विचारा. सांगितलं तर लिहा झोपते आहे.”

सिस्टरने विचारलं. मग लेखणी खाली ठेवली, आणि त्या दिवसापासून त्या वॉर्डात ‘शांत झोपली’ हे शब्द लिहिताना ती थांबायला शिकली. तेव्हा मात्र ती शिक्केबाईकडे वळली. “काय करायचं सांगा,” ती म्हणाली.

“एकच सुईवाली, तुम्ही. दंडाला पट्टी आवळायची नाही. आधी हिचं रक्त, लगेच माझं. सारख्या नळ्या, एकच बर्फाचं भांडं. दोन्ही नळ्यांवर वेळ तुम्ही लिहायची, मी नाही.”

“तुमचं कशाला?”

“मी धडधाकट बाई. मीही अंडं खाल्लंय. उशीर झाला असेल तर दोघींच्या रक्ताला सारखाच होईल. यंत्र खोटं बोलत असेल तर दोघींबद्दल बोलेल.”

लिफ्ट वर अडकली होती. ती नेहमी अडकायची. छप्पन्न वर्षांच्या गुडघ्यांनी शिक्केबाई तीन जिने उतरली, बर्फाचं भांडं पोटाशी धरून, आणि वाटेत शिपाईमामा “अहो बाई, सावकाश, पडाल!” म्हणाले तेव्हा तिने त्यांना जे उत्तर दिलं ते चौतीस वर्षांच्या नोकरीत शोभणारं नव्हतं.

सात मिनिटं. थंड सेंट्रिफ्यूज, मग यंत्र. दोन कागद बाहेर आले. तिचा आकडा एकोणतीस. काडीचा दोनशे छत्तीस.

तिने दोन्ही कागद एकमेकांना टाचले आणि पुन्हा जिना चढली. डॉक्टरांच्या समोर पट्टीही ठेवली, जांभळ्या डागाची. त्यांनी आधी दोनशे छत्तीस वाचलं, मग एकोणतीस, मग दोन्ही नळ्यांवरच्या वेळा.  नंतर इतके पटकन उठले की खुर्ची मागे पडली, आणि ते वॉर्डाकडे जवळजवळ धावत गेले. हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

अंडं, दूध सगळं बंद झालं. शिरेतून साखरेचं पाणी सुरू झालं. लांबच्या मोठ्या प्रयोगशाळेला नमुने गेले, तिथल्या तज्ज्ञाशी डॉक्टर तासभर फोनवर बोलले. सोमवारचे नऊ वाजले आणि गेले, नळी कपाटातच राहिली. दोन आठवड्यांनी मोठ्या प्रयोगशाळेचं पत्र आलं: हो, तोच आजार, दुर्मीळ, जन्मजात. उपाय होता. प्रथिनं मोजून, अगदी थोडी. आणि सिट्रुलिन नावाची भुकटी. सिट्रुलिनवर तो भार नसतो, म्हणून ते त्या बिघडलेल्या दाराशी जातच नाही. दुसऱ्याच दाराने रक्तात शिरतं आणि आत गेल्यावर त्याचंच आर्जिनिन होतं. नवऱ्याला हे ऐकून फार आनंद झाला. “म्हणजे खिडकीतून चादरी काढल्या!” तो म्हणाला. “आम्हीही तेच केलं होतं.”

काडी उठून बसू लागली. वॉर्डभर हिंडून ती सगळ्यांना सांगे, मला अंडं मना आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. जणू काही तिने कधी सांगितलंच नव्हतं.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत फाइल पूर्ण करायचं काम चाललं होतं. आई समोर बसली होती, आणि शिक्केबाईला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

“नशीब, वेळेत लक्षात आलं,” डॉक्टर प्रसन्नपणे म्हणाले. “या बाईंचे आभार माना.”

आईने हात जोडले. शिक्केबाईला ते जोडलेले हात सहन झाले नाहीत.

“जोडू नका,” ती म्हणाली. “वेळेत नाही लक्षात आलं. तुम्ही बर्फ घेऊन पळत आलात ना, तेव्हाच आकडा आला होता. एकशे अठ्ठ्याण्णव. त्यावर मी शिक्का मारला, उशिरा मिळाला म्हणून. न बघता. त्यानंतर सव्वीस दिवस तिला अंडी भरवली गेली.”

 आईचे हात हळूहळू सुटले.

“सव्वीस,” ती म्हणाली.

“अहो, आता जुनं कशाला उकरायचं?” डॉक्टर शिक्केबाईला म्हणाले, आवाज खाली आणून. “नवा अहवाल फाइलला लावलाय. पुरेसा आहे. तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली. चौकशी लागेल उगाच.”

“लागू दे की! चौकशी लागली तर निदान कुणीतरी त्या खिडकीचा कठडा बघेल. पत्रं लिहून तर कुणी बघितला नाही.” तिचा आवाज खोलीबाहेर गेला. “आणि फाइलमध्ये ते वाक्य तसंच आहे, ‘आई पुरेसा आहार देत नाही.’ नवा अहवाल त्याला खोडत नाही. उद्या पोर दुसऱ्या इस्पितळात गेली तर तिथे आधी हेच वाचतील. माझी चूक झाकायची आणि हिच्या नावावर खोटी चूक ठेवायची, हा कुठला न्याय? चोर सोडून संन्याशाला फाशी!”

 डॉक्टरांनी फाइल उलटी करून तिच्यापुढे सरकवली आणि वर स्वतःची लेखणी ठेवली.

“आधी तुम्ही ते खोडा,” ती म्हणाली. “ते वॉर्डातलं आहे. मला अधिकार नाही.”

त्यांनी वाक्यावर रेघ मारली. बाजूला तारीख घातली, सही केली. आहारतज्ज्ञ बाई त्या दिवशी रजेवर होत्या.

मग शिक्केबाईने चष्मा लावला आणि खाली सावकाश लिहिलं, शाळेतल्यासारखं अक्षर काढून: या तारखेचा अमोनियाचा अहवाल खरा होता. रुग्णाच्या आईने नमुना बर्फातून अकरा मिनिटांत आणून दिला होता. शिक्का चुकीने मारला, चूक माझी. खाली पूर्ण नाव. इस्पितळातल्या निम्म्या लोकांनी ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं असतं.

“मला बघू,” आई म्हणाली.

तिने फाइल स्वतःकडे ओढून घेतली आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला. तिच्या चेहऱ्यावर ना आभार होते, ना माफी. कापड बेतताना असतो तसा तो चेहरा होता. अर्ध्यावर बोट थांबलं.

“अकरा नाही. नऊ,” ती म्हणाली. “सिस्टरनी वेळ लिहिली आणि मग दोन मिनिटं फोनवर बोलत होत्या, नळी हातातच. माझ्या हातात आल्यापासून नऊ. मी मोजत उतरले होते.”

डॉक्टर म्हणाले, “दोन मिनिटांनी काय फरक पडतो?”

“मला पडतो,” आई म्हणाली.

शिक्केबाईने फाइल परत घेतली. अकरावर रेघ मारली, वर नऊ लिहिलं, आणि बाजूला पुन्हा एकदा सही केली.